शिट्टीबाईंचा तलाव

आमची वसाहत शहराच्या अगदी कडेला आहे. शेवटच्या थांब्यावर बस वळून उभी राहते, ड्रायव्हर खाली उतरून आळोखेपिळोखे देतो, आणि समोर दिसतं ते आमचं फाटक. वसाहत नवी होती तेव्हा घरं विकणाऱ्यांनी एक रंगीत माहितीपत्रक काढलं होतं. त्यात सभागृह होतं, वाचनालय होतं, बॅडमिंटन कोर्ट होतं, मुलांची बाग होती आणि मधोमध निळाशार तरणतलाव. सवयीची घरं सोडून आम्ही इतक्या लांब आलो ते बहुतेक त्या निळ्या रंगाला भुलून. आमच्यापैकी जवळजवळ कुणालाच पोहता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पुढे व्हायचं ते झालं. वाचनालयाच्या कपाटांत आता कुरिअरची पार्सलं असतात. बॅडमिंटनच्या जाळीवर लोक चादरी वाळत घालतात. सभागृहात अधूनमधून सभा भरते आणि दर वेळी माइक बिघडतो. बागेतली घसरगुंडी उन्हात अशी तापते की तिच्यावर एकदा बसलेलं मूल पुन्हा फिरकत नाही. तलाव मात्र टिकला. तो टिकला शिट्टीबाईंमुळे. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं त्यांनीच कधीमधी जिन्यात उभं राहून सांगितलेलं.

शिट्टीबाई नावाड्याची मुलगी. वडील नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं, सायकली, कोंबड्यांच्या पाट्या, काय वाटेल ते नेत. "मला चालायला यायच्या आधी पोहायला आलं," असं त्या सांगायच्या, आणि त्यात फारसं वाढवून सांगितलेलं नसावं. नवरा बस ड्रायव्हर, आमच्याच मार्गावरचा. उंच, धिप्पाड, आवाज असा की मागच्या दाराशी लोंबकळणारा माणूसही मुकाट्याने आत सरकायचा. सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत. या माणसाला पाण्याचं मात्र वावडं. सासुरवाडीला जायचं तर होडी टाळून लांबच्या पुलावरून वळसा घालून जायचे.

"मी चाकावरचा माणूस," ते म्हणायचे. "ज्याला ब्रेक नाही त्यात मी बसत नाही."

तलाव सुरू झाला तेव्हा पोहायला शिकवण्यासाठी एक पदकं मिळवलेले गृहस्थ नेमले होते. ते छत्रीखाली खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे. एका दुपारी शिट्टीबाई, तेव्हा त्यांना हे नाव पडलेलं नव्हतं, भाजीची पिशवी घेऊन तलावाच्या कडेने घरी निघाल्या होत्या. खोल भागात त्यांना एक लाल रिबीन दिसली. रिबीन तरंगत नव्हती, खाली जात होती. त्यांनी पिशवी टाकली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली. वर आणली ती चार-पाच वर्षांची मुलगी होती. त्यांनी तिला पालथं घातलं, पाठीवर थापट्या मारल्या. मुलगी खोकली, ओकली आणि मग जी रडायला लागली ती सगळ्या इमारतींच्या खिडक्या उघडेपर्यंत. गृहस्थ वर्तमानपत्र हातात तसंच धरून उभे होते.

गृहस्थ काम सोडून गेले आणि कमिटीने बाईंना विचारलं. त्या हो म्हणाल्या. गळ्यात शिट्टी आली, आणि शिट्टीमागून नाव.

वाचलेली मुलगी पुढे पाण्यातून बाहेर यायलाच तयार नसायची. आई काठावर टॉवेल घेऊन उभी, आणि ही नुसतं डोकं वर काढून बघणार. शिट्टीबाईंनी तिचं नाव बेडकी ठेवलं. ती वकील झाली, शहरात राहायला गेली, लग्न होऊन पुन्हा आईबापांच्या शेजारच्या इमारतीत परत आली, तरी शिट्टीबाईंच्या तोंडी ती बेडकीच राहिली.

आमच्या वसाहतीतली दोन पिढ्यांची मुलं शिट्टीबाईंनी पाण्यात ढकलली. ढकलली म्हणजे अगदी ढकलली. गोड बोलणं त्यांना जमायचं नाही. "पाणी खात नाही तुला! तूच ते प्यायला लागलायस, तोंड मिट!" असं काठावरून ओरडायच्या. पण रडणाऱ्या मुलाच्या पोटाखाली त्यांचा हात असायचा आणि तो हात कधी काढून घेतला हे त्या मुलाला कळायचं नाही. मागे वळून बघेपर्यंत ते मधोमध पोचलेलं असायचं.

हे सगळं चांगलं चाललं होतं असं मी म्हणेन, पण चांगलं चाललेल्या गोष्टीनेही माणूस दमतो. पहाटे उठून तलावावरचा पाचोळा जाळीने काढायचा. पंपवाल्याच्या मागे लागून औषध टाकून घ्यायचं. औषधाच्या वाफेने त्यांचे डोळे कायम लाल असायचे, आणि नवीन आलेल्या शेजाऱ्यांना वाटायचं, या बाई रडून आल्यात. मग सकाळच्या मुलांची तुकडी, मग बायकांची, संध्याकाळी पुन्हा मुलं. ओल्या फरशीवर इतकी वर्षं उभं राहून गुडघ्यांची वाट लागली होती. जिना चढताना त्या कठड्याला धरून पायरीपायरीला थांबायच्या आणि कुणी खालून येत असलं की उगाच घराची किल्ली शोधल्यासारखं करायच्या.

त्यात ड्रायव्हरसाहेबांना झटका आला. निवृत्त होऊन फार काळ लोटला नव्हता. सकाळी दाढी करताना हातातून ब्रश पडला आणि तो उचलायला ते वाकले ते उठलेच नाहीत. जीव वाचला, उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत राहिलं, आणि एका परीने तेच वाईट झालं. एवढा धिप्पाड माणूस. त्याला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून पुन्हा पलंगावर. मुलगा दूरच्या गावी नोकरीला. तो फोनवर म्हणायचा, "आई, एखादा माणूस ठेव ना." माणसं ठेवून झाली. एक आठवडाभरात पळाला, दुसऱ्याला ड्रायव्हरसाहेबांनीच पळवला. परक्याने अंगाला हात लावलेला त्यांना खपत नसे.

मग शिट्टीबाईच. त्यांच्या काखेत हात घालायच्या, गुडघा पलंगाला टेकवायच्या आणि "चला" म्हणून ओढायच्या. वरच्या मजल्यावर मला तो "चला" ऐकू यायचा. सुरुवातीला त्यात शिट्टीचा जोर होता. नंतर नंतर तो कसाबसा निघायचा.

अशातच कमिटीने तलाव बंद करायचा विषय काढला. अध्यक्ष म्हणजे निवृत्त झालेले दातांचे डॉक्टर. वाईट बातमी हळू आवाजात, धीर देत सांगायची त्यांना सवय. पोहणारी मुलं थोडी उरलीत, पंप म्हातारा झालाय, गाड्या लावायला जागा नाही, असं ते ज्याला त्याला बाजूला घेऊन सांगू लागले. बोलणं खोटं नव्हतं. संध्याकाळी फाटकाशी गाड्यांवरून रोज हमरीतुमरी व्हायची.

बेडकीच्या कानावर हे गेलं मात्र, तिने रान उठवलं. घरोघर फिरली. जी माणसं आयुष्यात कधी त्या पाण्यात पाय बुडवायला गेली नव्हती, तीसुद्धा तलाव म्हणजे आपला जीव की प्राण असल्यासारखी बोलू लागली. फाटकावर एक मोठा फलक लागला. त्यावर शिट्टीबाईंचा जुना फोटो, गाल फुगवून शिट्टी फुंकतानाचा, आणि खाली लिहिलेलं, ‘शिट्टीबाईंचा तलाव वाचवा’.

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दूध आणायला गेल्या तेव्हा त्यांनी तो पाहिला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर ड्रायव्हरसाहेब वाकड्या झालेल्या तोंडाने जमेल तितकं हसले.

"निवडणूक... लढवतेस की काय?"

"हसू नका. माझे गाल बघा कसे दिसतात त्यात. बेडूक बरा."

पण त्या दिवसापासून त्यांची चालण्याची वाट बदलली. फाटकाकडून जायच्या त्या मागच्या भिंतीच्या कडेने जाऊ लागल्या. रस्त्यात भेटेल तो म्हणायचा, "बाई, काळजी करू नका, आम्ही आहोत तुमच्या पाठीशी." त्या मान हलवायच्या. "पाठीशी कशाला येतात सगळे," मला एकदा जिन्यात म्हणाल्या. "पाठच तर दुखते."

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. माइक बिघडला होताच. अध्यक्षांनी गाड्यांचं सांगितलं, बेडकी उठून तलावाबद्दल बोलली, आणि फार सुंदर बोलली. लाल रिबिनीची गोष्ट तिने सांगितली तेव्हा दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. शेवटी ती म्हणाली, "काकू, तुम्ही दोन शब्द बोला." टाळ्या वाजल्या. शिट्टीबाई मागच्या ओळीत बसल्या होत्या. खुर्चीच्या पाठीला धरून उठल्या.

"मला बोलायची सवय नाही," त्या म्हणाल्या. "आधी तो फोटो काढा. तलाव माझा नाही."

लोक हसले. त्यांना वाटलं, बाई विनयाने बोलतायत.

"नाही, खरंच सांगते. मी थकले आहे. सकाळी जाग आली की पहिलं मनात येतं, आज पंप बंद पडलेला असू दे. आणि आणखी एक सांगायचंय. परवा एक मुलगी खोल भागात गेली. मी काठावर उभी होते. डोळे उघडे होते माझे, तिकडेच बघत होते, पण मी तिथे नव्हतेच. यांना दुपारी उचलायचं कसं, तेच डोक्यात चाललं होतं. मुलगी आपली आपणच काठाला आली, म्हणून बरं. ज्या बाईचं असं व्हायला लागलंय, तिच्या भरवशावर पोरं सोडू नका. तुम्हाला तलाव ठेवायचा असेल तर ठेवा, नसेल तर नका ठेवू. मला आता मोकळं करा."

खाली बसल्या. मी बेडकीकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला होता जसं कुणी तिला भर सभेत थोबाडीत मारलंय. तिच्या बाजूने हात वर करायला आलेले अर्धे लोक मग हात वर न करताच घरी गेले. महिनाअखेर तलाव रिकामा करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेडकी भांडायला आली. दार नुसतं लोटलेलं होतं. ती आत शिरली ती बोलतच, "काकू, आम्ही तुमच्यासाठी एवढं..." आणि थांबली. ड्रायव्हरसाहेब पलंग आणि खुर्ची यांच्या मध्ये अडकले होते. खुर्चीचं चाक सरकलं होतं, शिट्टीबाई त्यांना खालून खांदा देऊन तोलून धरत होत्या, आणि दोघांपैकी कुणालाच पुढे हलता येत नव्हतं. हाक मारायलाही त्यांच्यात दम उरला नव्हता.

बेडकीने पर्स फेकली आणि दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. मग तिघंही नुसती धापा टाकत बसली.

"रोज असंच?" बेडकीने विचारलं.

"रोज नाही. कधी कधी ते माझ्या अंगावरच पडतात."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू सुंदर भाषण करत होतीस ना. मध्येच कसं सांगू?"

बेडकी हसली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने चहा टाकला, साखरेचा डबा सापडेना म्हणून सगळे डबे उघडून पाहिले. कप घेऊन बाहेर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "काकू, काकांना पाण्यात कधी नेलंत का हो?"

शिट्टीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "ते घाबरतात."

"कोण... घाबरतो?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

पंपवाल्याला बोलावलं. दुपारी तलावावर चिटपाखरू नसतं. उथळ बाजूला रुंद पायऱ्या आहेत. तिथवर चाकांची खुर्ची नेली. ड्रायव्हरसाहेब जुनी अर्धी चड्डी आणि बनियन घालून बसले होते, आणि डाव्या हाताने खुर्चीचा दांडा असा पकडला होता की पंपवाल्याला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. शिट्टीबाई आधी पाण्यात उतरल्या. पंपवाला आणि बेडकी ड्रायव्हरसाहेबांना दोन्हीकडून धरून पायरीपायरीने खाली आणत होते आणि साहेब संपूर्ण वेळ शिव्या देत होते. झटक्यानंतर इतकं सलग बोललेले ते पहिल्यांदाच.

पाणी छातीपर्यंत आलं आणि शिट्टीबाईंनी त्यांच्या पाठीखाली हात घातला. "सोडा आता," त्या बाकीच्या दोघांना म्हणाल्या.

ते पुढचं त्यांनी मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबल्या. हातावर वजनच नव्हतं. ज्या माणसाला उचलून उचलून कंबर मोडायची वेळ आली होती, तो त्यांच्या एका हातावर, नुसत्या तळव्यावर होता. त्यांना वाटलं, काहीतरी चुकतंय, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने चाचपून पाहिलं. ते होतेच. डोळे घट्ट मिटून, मान ताठ करून.

"डोळे उघडा."

"सोडू... नकोस."

"नाही सोडत. उघडा."

त्यांनी उघडले. वर आभाळ होतं. हळूहळू त्यांची मान सैल पडली. उजवा पाय, जो पलंगावर लाकडासारखा पडून असायचा, तो पाण्यात आपला आपण थोडासा वर आला. तो पाय त्यांनी हलवला की पाण्याने हलवला हे कुणालाच सांगता येईना, पण ड्रायव्हरसाहेब तो बराच वेळ बघत राहिले.

शिट्टीबाई तिथेच पाण्यात उभ्या राहून रडल्या. त्यांचे डोळे नेहमीच लाल असल्यामुळे पंपवाल्याला ते कळलंही नाही.

मग ते रोज दुपारी जाऊ लागले. बेडकीला कोर्टात काम नसलं की ती यायची, नाहीतर पंपवाला आणि मी. ड्रायव्हरसाहेब आम्हाला हुकूम सोडायचे, "डावीकडे... घ्या. मागे... बघा." गाडी फाटकात लावायची असावी तसे. महिना संपत आला तसं बेडकी म्हणाली, "काकू, आता तरी अध्यक्षांशी बोला. म्हणावं, विचार बदललाय."

शिट्टीबाईंना ते जड गेलं. भर सभेत बोललेली बाई त्या. तरी एका संध्याकाळी गेल्या. मला सोबतीला नेलं होतं. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मग तुम्ही पुन्हा चालवणार का?"

"नाही. ते नाही होणार माझ्याच्याने. मला फक्त यांना घेऊन उतरायचंय."

"चालवणारं कुणी नसेल तर तलाव उघडा कसा ठेवायचा, तुम्हीच सांगा. तुम्हीच त्या दिवशी म्हणालात."

आम्ही उठून निघालो. अध्यक्षांनी खरोखरच दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. इतक्या लांब यायला कुणी तयार होईना. तलाव रिकामा झाला. पाणी जायला सुरुवात झाली तेव्हा शिट्टीबाई घरातच होत्या. भांडी घासत होत्या. खिडकीतून आवाज येत होता, त्यांनी नळ मोठा सोडला.

त्यानंतरचे दिवस त्यांना वाईट गेले. सकाळी झोपायला मिळत होतं, पण पहाटेच जाग यायची आणि उठून करायचं काय हे सुचायचं नाही. पलंग आणि खुर्ची यांच्यामधलं ओढणं पुन्हा सुरू झालं. ड्रायव्हरसाहेब चिडचिडे झाले. एकदा त्यांनी ताट भिरकावलं. शिट्टीबाईंनी ते उचललं आणि दुसरं वाढून आणलं. मला म्हणाल्या, "मलाही भिरकावावंसं वाटलं हो. पण वेचायचं पुन्हा मलाच ना."

शेवटी बेडकीनेच शोधलं. हमरस्त्याच्या पलीकडे एक नवी वसाहत झाली आहे, आमच्यापेक्षा उंच इमारतींची. तिथल्या तलावात बाहेरच्यांनाही दुपारचं घेतात, आणि तिथे पायऱ्यांऐवजी उतरती वाट आहे, खुर्ची थेट पाण्यापर्यंत जाते. बेडकीने आपली गाडी आणली, मागची सीट पाडून खुर्ची घातली. आता आठवड्यातून दोनदा जातात. कधी ती जमवते, कधी मी.

पहिल्या दिवशी बेडकीला कोर्टात काम निघालं, म्हणून तिची गाडी घेऊन मीच होतो. काठावर एक तरुण प्रशिक्षक उभी होती, ताठ, कडक इस्त्रीची टोपी घालून. तिने या दोघांना पाण्यात शिरताना पाहिलं. ड्रायव्हरसाहेब नवी जागा बघून पुन्हा घाबरले होते, आणि त्यांना तोल सापडावा म्हणून शिट्टीबाई त्यांना घेऊन हळूहळू मागे सरकत होत्या.

"आजी!" मुलगी ओरडली. "अहो आजी! तिकडे खोल आहे. पुढे जाऊ नका. इथेच, माझ्यासमोर राहा."

मला वाटलं, आता काहीतरी ऐकवतील. मी तोंड उघडलंही होतं, तिला सांगायला, या कोण आहेत ते. शिट्टीबाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"बरं बाळा," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याला घेऊन कडेला आल्या.

परत येताना गाडीत त्या मागे बसल्या होत्या, ड्रायव्हरसाहेबांचं ओलं डोकं खांद्यावर घेऊन. मी विचारलं, राग नाही आला का. त्यांना डुलकी लागत होती. "राग कसला," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी मी पाण्यात होते आणि लक्ष दुसरंच कुणीतरी ठेवत होतं." मग दोघंही झोपले. घर आलं तरी मी थोडा वेळ गाडी तशीच उभी ठेवली.